पळतापळता गोळीबार

७ नोव्हेंबर २००६, मंगळवार. दुपारी ४
आज तीन वाजून वीस मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. मुंगीने मला मारलं आणि काउंटरवर श्रावणी हसली.
नीट लिहून ठेवतो. रायपुरात तेलीबांध्याचा यशवंतराव काकांचा सायबर कॅफे. मी मशीन नंबर पाचवर. गेम बंदुकांचा, ऑनलाइन. समोरचा कुठे बसून खेळून राहिला ते कळत नाही, फक्त नाव दिसतं. दोन मुडदे पाडून मी गल्लीतून पळत होतो, पळतापळता गोळ्या मारत होतो, भिंती लाल. तेवढ्यात ‘मुंगी’ नावाचा कोणी खिडकीत चुपचाप उभा. एकच गोळी. माझं डोकं टरबुजासारखं फुटलं.
श्रावणी काकांची पुतणी. बी.कॉम.ला आहे, दुपारी काउंटर सांभाळते. आजवर माझ्याकडे पाहून कधी हसली नव्हती. म्हणजे माझ्या मरणाने तिच्या आत काहीतरी हललं.
संकल्प: मुंगीला चिरडणे. मग श्रावणीला विचारणे. याच क्रमाने.

८ नोव्हेंबर
मुंगी नऊ वेळा मारून गेला. दोनदा तर मी मेल्यावर प्रेतावर उड्या मारल्या त्याने.
देवीदास आला. शहराबाहेर उरल्याच्या कारखान्यांत, सळया काढणाऱ्या रोलिंग मिलमध्ये आहे, पाळी सुटली की येतो. माझ्या पाठीमागे उभा राहून म्हणे, "भैया, तू भागते भागते काहून मारते? पळताना गोळी फुलझडीसारखी उडते. थांब, मग मार." करूनही दाखवलं. डावीकडे पळत असलं की उजवीकडची कळ पळभर दाबायची, पाय जागच्या जागी थांबतात, मग गोळी सरळ जाते.
मी म्हटलं, उभं राहायला मी काय चौकातला ट्राफिक पोलिस आहे? पळता माणूस मरत नाही.
तो म्हणे, "हव, पण तू तर मरूनच राहिला."
त्याचा गळा दाबणार होतो. मग त्याचे दंड पाहिले. नंतर दाबू.

१० नोव्हेंबर
बाबांनी परत कॉलेजचा विषय काढला. इंजिनीअरिंग तिसऱ्या सेमिस्टरला काहून सोडलं, पोट्ट्या तुझं बूड एका जागी टेकत नाही, वगैरे. मी म्हटलं, मी गतिमान आहे. त्यांनी चप्पल फेकली. गतिमान असल्यामुळे लागली नाही.
मुंगी: चौदा वेळा.
मुंगीची एक कमजोरी सापडली. काउंटरवर फॉर्म भरणाऱ्यांची रांग लागली की तो मध्येच बावळटासारखा उभा राहतो, बंदूक जमिनीकडे. तेव्हा मी त्याला दोनदा चाकूने कापला. गर्दीला घाबरतो. भित्रा.
श्रावणी स्वतःहून बोलली! "भैया, कीबोर्डवर बुक्क्या मारू नका, काका मले बोलतात." चारचौघांत भैया म्हणावंच लागतं. रायपुरात सारेच भैया. पण ‘मले बोलतात’ म्हणाली. मन मोकळं केलं तिने.

१३ नोव्हेंबर. डाव्या हाताने लिहितो आहे
मुंगी म्हणजे देवीदासच. पुरावा: थांबून मारा, थांबून मारा, हे कीर्तन दुसरं कोण करते? आज तीन वाजता मुंगीने सहा वेळा मारलं. सातव्यांदा मी उठलो, बाबांची लूना काढली आणि थेट उरल्याला गेलो. ठरवलं होतं, एक दात तरी पाडायचाच.
मिलचं शटर उघडं होतं. आत आग. रोलरमधून लालभडक सळई सापासारखी बाहेर येते आणि देवीदास तिच्यासमोर पाय रोवून उभा. चिमट्याने तिचं तोंड धरायचं, गर्रकन फिरवायचं, दुसऱ्या रोलरमध्ये घालायचं. लगेच दुसरी. एक सळई निसटून उसळली. देवीदास हललाही नाही. ती त्याच्या गुडघ्याजवळून फणफणत गेली. मी बाहेर रस्त्यावर होतो, तरी तीस पावलं पळालो आणि भंगारात पडलो. निर्णय योग्यच होता.
चारला तो बाहेर आला. काही न बोलता त्याच्या जबड्यावर ठोसा दिला. जबड्याला काही झालं नाही. माझी दोन बोटं सुजली. त्यानेच चहाच्या टपरीवर बसवलं, गमछ्यात बर्फ बांधून हातावर ठेवला. म्हणे, "तिथं हललो ना भैया, तर पाय जाते. म्हणून थांबायची आदत आहे." मग विचारलं, मारलं काहून? मी सगळं सांगितलं, श्रावणीचंही. तो म्हणे, सकाळी आठपासून मिलमध्ये आहो, तीनला कुठून येऊ? आणि म्हणे, मुंगी कोण हे साऱ्या कॅफेला माहीत आहे, एक तुलेच नाही. मग चहा नाकातून येईपर्यंत हसला.
रस्ताभर विचार केला. उत्तर मिळालं. मुंगी एकटा नाही. टोळी आहे.

१९ नोव्हेंबर, रविवार. दुपारी
कॅफेत मुकाबला होता. पंधरा मशीन, सगळ्यांचे सगळे वैरी. बोटांना पट्टी, तरी क्षणभर थांबलो नाही. देवीदासला मागून भोसकला. शेजारच्या मशीनवरून तो म्हणाला, "वा!" खूप रक्त. सहा जण बाँबने उडवले, त्यात चुकून मीही होतो; ती फेरी सोडून देऊ.
शेवटच्या फेरीत दोघंच उरलो. मी आणि मुंगी. मी चौक पळत ओलांडला आणि तीसच्या तीस गोळ्या सोडल्या. भिंतीवर मुंगीच्या चहूबाजूंनी रांगोळी निघाली. मुंगी मध्ये जसाच्या तसा. मग त्याची एक गोळी.
कीबोर्ड जमिनीवर आपटला. कळा लाह्यांसारख्या उडाल्या. खुर्चीवर चढून ओरडलो, कोण आहे बे मुंगी, एका बापाचा असशील तर समोर ये, हाडं मोडून हातात देतो!
काउंटरवर श्रावणीने हात वर केला. दुसऱ्या हाताने ती कोणाची तरी पावती फाडत होती.
देवीदासने शर्टाला धरून मला खाली उतरवलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
शांतपणे विचार केला. तेरा दिवसांत तिने मला एकशे चौऱ्याण्णव वेळा मारलं. कॅफेत इतकी पोट्टी बसतात, पण ती खिडकीत बंदूक घेऊन वाट पाहत बसायची ती माझीच. इतकं लक्ष कोणी कोणाकडे देत नाही. घरच्यांनीही दिलं नाही.
उद्या विचारतो. आणि विचारताना हलणार नाही. पाय रोवून, एका वाक्यात. पद्धत देवीदासची असली तरी वापरायची कल्पना माझी.

२० नोव्हेंबर, सोमवार. ३.४०
कॅफेत ती एकटीच होती. आधी मशीन एकपासून पंधरापर्यंत दोन चकरा मारल्या, ब्रॉडबँडच्या स्पीडविषयी काहीबाही बोललो. तिने माउसवरचा हात काढला. म्हणाली, "शिशिर, तुले काही सांगायचं आहे न? सांग. मी ऐकून राहिली."
थांबलो. दोन्ही पाय जमिनीवर, काउंटरसमोर. एका वाक्यात सांगितलं. अडखळलो नाही. जन्मात इतकं सरळ काही बोललो नव्हतो. ती पूर्ण वेळ माझ्याकडे पाहत होती, हसली नाही.
म्हणाली, "नाही, शिशिर."
मी तिथेच उभा. पुढे काही येईल असं वाटलं. आलं. म्हणाली, "उद्या तीनला येशील न? तू नसला की दुपारी मारायला कोणी मजेचं नसते." चांगल्या मनाने म्हणाली. चेहऱ्यावर दिसत होतं.
देवीदासला सांगायला पाहिजे, थांबलेल्यालाही बरोब्बर लागते.
तिला ऐकवायला तीन-चार जबरी उत्तरं होती. मशीन नंबर पाच लाथेने फोडता आलं असतं. पाय उचलला नाही. तेवढ्यात एक काका प्रिंट काढायला आले, त्यांना जागा दिली.
बाहेर आलो आणि दार न आपटता नीट लावलं. आत एसी चालू होता.