ओहोटीचा नियम

मी, गुणवंत यशोधन मोकाशी, वय ७४, निवृत्त इतिहास शिक्षक, राहणार राइट टाउन, जबलपूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना (आयुष्यभर कोणाला जुमानले नाही, आता काय जुमानणार!) हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

१. राहते घर पत्नी शरयूचे. जेवणाचे टेबलही तिला परत. बारा वर्षे त्यावर माझ्या खेळाचा समुद्र पसरला होता आणि ती मांडीवर ताट घेऊन जेवली. तक्रार एकदाही नाही.

२. पटाशा, रंधा, करवती गोहलपूरच्या नथ्थू मिस्त्रीला. माझ्या आरमारी खेळाची चाळीस जहाजे त्याने कोरली. त्याने विचारले होते, "बाबूजी, समंदर देखा है कभी?" मी "हो" म्हणालो. खोटे बोललो.

३. पुस्तके इथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयाला. समासातली माझी भांडणे खोडू नयेत. मंडळातल्या सूर्यकांतने माझ्या प्रत्येक भाषणानंतर "थोडक्यात सांगायचे तर" म्हणत अर्धा तास घेतला. तो साक्षीदार असल्याने त्याला काही देता येत नाही, याचे समाधान आहे.

४. खेळ मुलगी दुर्वाला. किल्ला काल्पनिक, लढाईची रीत सतराव्या शतकातली: फिरंगी जहाजे मागे लागली की आपली गलबते उथळ खाडीत शिरतात आणि वाचतात. सतरा वर्षांची दुर्वा मालवणची सहल करून आली आणि मंडळात सर्वांसमोर म्हणाली, "बाबा, तुमचं पाणी एकाच दिशेनं वाहून राहिलं. ही काय नर्मदा आहे? ओहोटीत आपली गलबतं चिखलात बसतील."

मी गरजलो, "मी आयुष्यभर ग्रंथ वाचले, तू सहल केलीस!" सभागृह हसले. दुर्वा त्या खेळाच्या पटासमोर पुन्हा बसली नाही. आठ वर्षे झाली.

तीन वर्षांपूर्वी शरयूला नागपूर सांगून मी मालवणला गेलो. सकाळी खाडीत तरंगणाऱ्या होड्या दुपारी चिखलात कुशीवर पडल्या होत्या. पोरगी बरोबर होती. हजार व्याख्याने दिलेल्या तोंडातून "चुकलो" निघाले नाही, म्हणून इथे लिहितो. ओहोटीचा नियम तिने लिहावा, खेळावर नाव तिचेच असावे.

पुरवणी: हे वाचून साक्षीदार लतिकाताई कडाडल्या, "दादा, हे मेल्यावर काहून? आत्ता लावा फोन!" लावला. चुकलो म्हणालो. दुर्वा म्हणाली, "ओहोटी कितव्या फेरीला लावायची, बाबा? आधीच सांगते, तुम्ही हरून राहिले." सबब कलम ४ आजच अमलात आले.

साक्षीदार: लतिका देव, सूर्यकांत पाठक
सही: गु. य. मोकाशी
जबलपूर, ९ फेब्रुवारी २०२५