सेल वरच्या मजल्यावर

अहो,

मी ताईकडे चाललेय, उद्या संध्याकाळी येईन. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय. गोळी चुकवू नका.

आता रागावू नका. बीपीच्या मशीनचे सेल मी काढलेत. काल तुम्ही अकरा वेळा दंडाला पट्टा बांधलात, आणि दर वेळी वाढलेला आकडा बघून तो आणखी वाढवून घेतलात. तुमची आकड्यांची वही मी पहिल्या पानापासून वाचली. डॉक्टरांनी गोळी दोनदा बदलली, पण आकडा चढायला लागलाय तो बुद्धिबळावरून तुमचं वरच्या मजल्यावरच्या मास्तरांशी बिनसलं त्या दिवसापासून. त्याआधी रोज दुपारी दोघं घसा बसेपर्यंत भांडायचात, आणि आकडा कसा शहाण्यासारखा जागेवर असायचा. माझ्याशी भांडून तुम्हाला तो गुण येत नाही. महिनाभर करून बघितलंत की!

त्या दिवशी तुम्ही तणतणत खाली आलात ते त्यांचा वजीर खिशात घालूनच. काल जाकीट धुवायला काढलं तेव्हा सापडला. मशीनच्या डब्यात ठेवलाय. तो घेऊन वर जा. आपले सेल मास्तरांकडेच दिलेत मी. माफीबिफी राहू द्या, नुसतं "तुमची चाल" म्हणा.

सेल लगेच मिळतील असं मात्र समजू नका. मास्तरांनीही परवा बीपीचं मशीन आणलंय, आणि आपले सेल त्यांनी त्यातच घातलेत.

– मी