कळशीभर पाणी

प्रिय फर्डिनंड,

एकाच गावात राहून तुला पत्र लिहितोय, कारण तुझ्या ओट्यावर चढायचं तोंड मला राहिलेलं नाही. बाजारात तू दिसलास की मी उगाच वांगी निवडत बसतो. मग आठवडाभर घरात वांगीच, आणि तुझी मीरावहिनी वैतागते.

अठ्ठ्याण्णव साली तळ्याकाठी आमच्या सात इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा जलपर्णीखाली पाणी दिसत नव्हतं. मी लालबागचा, मला पोहणंही ठाऊक नव्हतं. तू पाण्यात उतरलास, बांबूला आकडा बांधून ती ओढायला आम्हाला शिकवलंस. दोन उन्हाळे गेले त्यात. तळेकाठ घरमालक मंडळाची पहिली सभा तुझ्याच ओट्यावर झाली. अँजेलिनावहिनींनी चहा केला आणि सेक्रेटरी म्हणून माझं नाव तूच सुचवलंस. तू मात्र सभासद झाला नाहीस, कारण तुझा फ्लॅट नव्हता. आमच्या आधी शंभर वर्षं उभं असलेलं घर होतं, पण ते आमच्या नियमात बसत नव्हतं.

पुढे बाहेरचे लोक पाण्यात बाटल्या टाकू लागले. आम्ही जाळी मारली, फाटक बसवलं, आणि मी ठराव लिहिला, की सभासदांखेरीज कुणाला प्रवेश नाही. किल्लीही माझ्याकडेच राहिली.

सात वर्षांपूर्वी, तुझ्या लेकीच्या, लूर्डसच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, तुम्ही वाजतगाजत पाणी न्यायला आलात. तुमच्या घरच्या प्रत्येक नवरीच्या आंघोळीला याच तळ्याचं पाणी गेलेलं. मी जाळीच्या आतून नियमावर बोट ठेवलं. अर्ज द्या, पुढच्या सभेत घेऊ, असं मी तुला म्हणालो, फर्डिनंड. बँड थांबला. शांतारामभाऊ, कळशीभरच हवंय, एवढंच वहिनी म्हणाल्या. मी किल्ली खिशातून काढली नाही. पोरीसाठी शेवटी नळाचं पाणी भरलंत, हे मला नंतर कळलं. त्याची लाज अजून गेलेली नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींच्या मातीला मी आलो होतो. चर्चचं फाटक सताड उघडं होतं, सगळे आत गेले. मी बाहेरच उभा राहिलो. मला कुणीही अडवलं नव्हतं.

काल मी तळ्याचं कुलूप काढलं, ठराव वगैरे न करता. किल्ली या पाकिटात आहे. वहिनींच्या महिन्याच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, मी आलो तर चालेल का? कबरीवरच्या रोपाला घालायला तळ्याचं पाणी आणेन. तू नको म्हणालास, तर कळशी चर्चच्या फाटकाशी ठेवून परत फिरेन.

तुझाच,
शांताराम