मामाला आणखी एक वर्ष

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच खणात टाकशील, अशी मला अर्धीअधिक खात्री आहे. उघडलंसच, तर आधी हे वाच: बाबा बरे आहेत. जेवतात, झोपतात, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. घाबरून तिकीट काढण्यासारखं काही झालेलं नाही. फोनवर तू 'बाबांना दे' याच्या पुढे माझ्याशी एक शब्द बोलत नाहीस, म्हणून कागदाच्या वाटेने आले आहे.

काल आपल्या संघाचा हंगाम संपला. हो, मी अजून खेळते. तोच कॉम्प्युटर, तोच घरघरणारा पंखा, फक्त आता शेजारच्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे असतात. बारा संघांत आपण नववे आलो. हसू नकोस. तू बंदरावर नोकरीला गेल्यापासून कोणाला ठेवायचं आणि कोणाला सोडायचं हे ठरवताना भांडायला कोणी नाही, आणि भांडणाशिवाय माझं डोकं चालत नाही हे तुला ठाऊक आहे. दवाखान्यात दिवसभर एक्स-रेचे रिपोर्ट टाइप करून येते, चहा घेते आणि तासभर त्या हिरव्या मैदानापुढे बसते. बाबा मधूनच डोकावून विचारतात, कोण जिंकतंय? मी म्हणते, आपण. तेवढ्याने ते खूश होतात.

आठवतं, जुना कॉम्प्युटर घेतला तेव्हा आधीच्या मालकाची ती एकच खेळाची सीडी आत राहिली होती? बेसबॉलचा खरा सामना आपण दोघांनी जन्मात पाहिलेला नाही आणि आपण चाललो होतो संघ चालवायला! खेळाडूंची नावं उच्चारताना जीभ वळेना, म्हणून तू सगळ्यांचं बारसं केलंस. चेंडू फेकणारा मामा, चेंडू झेलणारा भाऊजी, नुसता पळत सुटणारा टकलू. पहिले दोन हंगाम आपण प्रत्येक सामना हरलो, कारण भाऊजीला आपण चेंडू फेकायला उभं केलं होतं.

आणि मग हंगामाच्या मध्यावर येणारा तो प्रश्न. या खेळाडूचा करार यंदा संपतोय, आत्ताच वाढवायचा की शेवटपर्यंत थांबायचं? पंचविशीतल्या पोरांसाठी कोणी विचार करत नाही. जीव टांगणीला लागायचा तो पस्तिशीच्या पुढच्यांसाठी. आत्ता विचारलं तर तो आनंदाने हो म्हणतो, पण पुढच्या वर्षी त्याचं काय होईल हे आपल्याला माहीत नसतं. थांबलं तर थोडंफार कळतं, पण तोवर इतर संघ त्याच्या दाराशी येऊन उभे राहतात. आपण पदरमोड करून शिकलो की आधी पाय जातात, मग खांदा, आणि नजर सगळ्यात शेवटी. चेंडू पारखून खेळणारा चाळिशीपर्यंत टिकतो, नुसत्या ताकदीवर खेळणारा एका हिवाळ्यात संपतो. आणि उतरण हळूहळू येत नाही. यंदा पहिल्या नंबरावर असलेला पुढल्या वर्षी बाकावर बसलेला दिसतो.

करार वाढवायचा तर दोघांचा होकार हवा, हा नियम तूच केलास आणि तूच त्यात फसलास. तुला सगळेच हवे असायचे. मामा छत्तीस वर्षांचा झाला, त्या वर्षी त्याने अठरा सामने जिंकून दिले, आणि तू तीन वर्षं द्यायची म्हणून हटून बसलास. मी म्हटलं, अठरा बघू नकोस, त्याच्या चेंडूचा वेग बघ, तीन वर्षं सारखा उतरतोय. तू म्हणालास, एक वर्ष तरी दे, ताई, एकच. मी नाही म्हटलं. तो दुसऱ्या संघात गेला आणि पहिल्या वर्षी त्याने आपल्यालाच हरवलं. तू चार दिवस माझ्याशी बोलला नाहीस. पुढच्या वर्षी त्याचा खांदा निखळला, तेव्हा मी घरभर नाचले. एका न जन्मलेल्या माणसाचा खांदा गेला म्हणून नाचले, बघ. बाबा शिवणाच्या दुकानातून आले होते, गळ्यात मापाची टेप तशीच होती. म्हणाले, तुझी ताई कात्रीसारखी आहे, एकदा चालली की चालली. तू टाळ्या वाजवल्यास. मलाही तेव्हा ते कौतुकच वाटलं होतं.

त्या कौतुकाची किंमत मी पुढे मोजली. तीन वर्षांपूर्वी तू बंदरावरून सुट्टीवर आलास ते थेट दुकानात गेलास आणि शटरला कुलूप बघून घरी आलास. मशिनं विकली गेली होती, कापण्याचं मोठं टेबल तेवढं उरलं होतं. मी तुला सांगितलं, मी बंद केलं, बाबांचं वय झालं, बस झालं आता. तू दारातच उभा होतास, बॅगही खाली ठेवली नव्हतीस. म्हणालास, बाबांना तू मामासारखं सोडलंस, एक वर्षही दिलं नाहीस, मला विचारलंही नाहीस. त्यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण मी स्वयंपाकघरात निघून गेले. बाबा आतल्या खोलीत होते. त्यांनी सगळं ऐकलं, पण बाहेर आले नाहीत.

आता ते उत्तर देते. तू यायच्या महिनाभर आधी बाबा दुपारीच घरी आले. त्या वेळेला ते कधी येत नसत. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कापड होतं. कोटाचं कापड होतं, गिऱ्हाइकाने परगावाहून आणलेलं, पुन्हा मिळणार नाही असं. त्यांनी ते माझ्या पलंगावर पसरलं. कोटाचे पुढचे दोन्ही भाग डाव्या बाजूचे कापले होते. बेचाळीस वर्षं कात्री चालवलेला माणूस, आणि कापड उलटवायचं विसरला होता. तेही पहिल्यांदा नाही. त्याआधी एकाच शर्टाच्या चार बाह्या कापल्या होत्या, एका गिऱ्हाइकाचं माप दुसऱ्याच्या नावावर लिहिलं होतं, आणि ते सगळं त्यांनी टेबलाखालच्या पेटीत लपवून ठेवलं होतं. मला म्हणाले, दुकान बंद करू या, माझ्या हातून कोणाचं कापड फुकट जायला नको.

मग म्हणाले, धाकट्याला सांगू नकोस. त्याच्या डोळ्यांत मी अजून मास्तर आहे, तेवढं राहू दे. तू बंद केलंस असं सांग, तू तशीही कडक म्हणून प्रसिद्ध आहेस. मी हो म्हटलं. माझ्या डोळ्यांत ते कोण होते, हे ना त्यांनी विचारलं, ना मी सांगितलं. त्या दिवशी खरं तर मीच म्हणाले होते, अजून एक वर्ष बघू या, बाबा, कापून झालं की मी येऊन तपासत जाईन. पहिल्यांदा मी कोणासाठी तरी एक वर्ष मागितलं, आणि ते मिळालं नाही.

तेव्हापासून मी ही गोष्ट सांभाळून आहे. तुझा राग सोसवत नव्हता, पण निदान घरात एका माणसाला खरं माहीत होतं. तू फोनवर मला टाळलंस की बाबा माझ्याकडे बघायचे, बशीत चहा ओतून माझ्यापुढे सरकवायचे. मला तेवढं पुरायचं. काल भाऊजीचा करार मी वाढवला, एकोणचाळिसाव्या वर्षी. गुडघे गेलेत, बॅटला चेंडू लागत नाही, नुसता बाकावर बसून असतो. तुझा होकार मी गृहीत धरला. तू असतास तर उड्या मारल्या असत्यास. खूप आठवण येते रे. तुझ्या भांडणाची येते, चार दिवसांच्या अबोल्याचीसुद्धा येते, कारण तो पाचव्या दिवशी संपायचा.

हे सगळं आज का लिहिते आहे, ते सांगते. गेल्या रविवारी तुझा फोन झाल्यावर बाबा खिडकीशी बसले होते. फोनवर ते तीनच वाक्यं बोलतात, ती त्यांनी पाठ केली आहेत, म्हणून तुला काही जाणवत नाही. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. ते वळून अगदी सहज म्हणाले, दुकान का बंद केलंस गं तू? चांगलं चाललं होतं की. मला वाटलं, थट्टा करताहेत. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर थट्टा नव्हती. तो कोट, ती पेटी, माझ्याकडून घेतलेलं वचन, सगळं पुसलं गेलंय. माझ्या तोंडून निघून गेलं, चुकलं माझं, बाबा. ते उठून आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, असू दे, होतं असं. जे मी केलंच नव्हतं, त्याची त्यांनी मला माफी दिली. आता ते खरं या जगात माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही, आणि एकटीला ते पेलवत नाही. म्हणून वचन मोडून तुला सांगितलं. तू ये. त्यांना यातलं काही बोलू नकोस. ते तुला सांगतील की ताईने दुकान बंद केलं, तेव्हा तूही मान हलव, मला दोन शब्द सुनाव हवं तर. फक्त सुनावताना एकदा माझ्याकडे बघ.

तुझीच,
ताई