कार्डावरचं नाव

३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमची दोन्ही पत्रं पोचली. आईचा गुडघा, गच्चीची गळती, शेजारच्या काकांची नवी कवळी, सगळं समजलं. ज्याच्याशी मी लग्न करायचं म्हणते आहे, त्याच्याबद्दल मात्र दोन्ही पत्रांत ‘ते गृहस्थ’ एवढंच. बाबा, तो तिशीचा आहे, गृहस्थ कसला? त्याचं कार्डही पाठवलं होतं.

परक्या मुलखातला मुलगा पसंत नसेल तर तसं स्पष्ट लिहा. तुमच्या होकाराशिवाय मी पुढे जाणार नाही, हे त्यालाही सांगितलंय. मला दवाखान्यातून रजा नाही, म्हणून पुढच्या शनिवारी दुपारच्या गाडीने तो एकटाच तुम्हाला भेटायला येतोय.

रागावलात तरी माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची ठकू

६ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पसंतीचा प्रश्न नाही. मला त्याचं नाव म्हणता येत नाही.

आयुष्यभर बसस्थानकाच्या कर्ण्यावरून गावांची, हरवलेल्या मुलांची, विसरलेल्या छत्र्यांच्या मालकांची नावं पुकारली. एकाची तक्रार नाही. पण या कार्डावर चार व्यंजनं खेटून उभी आहेत, मध्ये स्वराला शिरायला जागा नाही. आमच्या गावच्या शाळेत इंग्रजीचे गुरुजी आले, तोवर मी शाळा सोडली होती. इथल्या हेडमास्तरांना विचारलं. ते म्हणाले, पहिलं अक्षर म्हणायचंच नसतं. कंपाउंडर म्हणाला, शेवटचं म्हणायचं नसतं. दोघांचं ऐकलं तर उरते ती शिंक.

सकाळी देवापुढे तुझं नाव घेतो आणि त्याच्या नावाशी अडतो. चुकीचं घेतलं तर आशीर्वाद भलत्यालाच जायचा. तुझी आई म्हणते, देव म्हणजे पोस्टखातं नव्हे. तिचं ठीक आहे, तिला पुकारायचं नसतं.

तेव्हा मराठीत लिहून पाठव. डेपोच्या फोनवर खासगी बोलायला बंदी आहे.

मनात किंतु न ठेवता लिहीत जा.
बाबा

९ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मराठीत लिहून त्याला वाचून दाखवलं. छान आहे म्हणाला, पण हे दुसऱ्या कुणाचं तरी नाव आहे. म्हणून ते पाठवत नाही. इथे सगळे त्याला ‘मशीनवाले’ म्हणतात, कारण तो एक्स-रेची यंत्रं दुरुस्त करतो. त्याचं नाव कुणी कधी विचारलंच नाही.

तो फार भिडस्त आहे. तुम्ही नाव टाळलंत तर नकार समजून आल्या पावली परत फिरेल.

बाकी सारं तुमच्यावर सोपवलंय, स्वतःलासुद्धा.
ठकू

१६ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी गाडी आली, गर्दी उतरली. चुकू नये म्हणून मी कर्ण्यावरून सांगितलं, की उद्घोषकांच्या घरी आलेल्या पाहुण्यांनी चौकशीच्या खिडकीशी यावं. एक विमा एजंट आला आणि एक आजीबाई आल्या. आजीबाईंना चहा मिळेल असं वाटलं होतं. तुझा माणूस लांब, परतीच्या गाडीची पाटी वाचत उभा.

मग देवाचं नाव घेतलं आणि त्याचंही घेतलं. हेडमास्तरांसारखं, कंपाउंडरसारखं आणि शेवटी माझ्या मनाने. तो आला. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, की या तिन्हींना तो ओ देतो, काळजी नसावी. मी म्हटलं, ओ देण्याचं राहू द्या, खरं काय ते सांगा. त्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

त्याला केबिनमध्ये बसवलं. तो म्हणे, मी म्हणे, तो मान हलवी. जीभ कुठे टेकवायची ते त्याने आ करून दाखवलं. अखेर एकदा जमलं, तशा बाहेर टाळ्या वाजल्या. कर्णा चालूच राहिला होता. फलाटावरची मंडळी केव्हापासून आमच्याबरोबर म्हणत होती, आणि विमा एजंटाला ते माझ्याआधी जमलं होतं.

या भानगडीत एक गाडी न पुकारताच सुटली, दोघं प्रवासी मागे राहिले. डेपो मॅनेजर साहेबांनी लेखी खुलासा मागितला. आज सकाळी मी एकच ओळ लिहिली, ‘जावयाचे नाव शिकत होतो.’

कागद साहेबांच्या टेबलावर ठेवून बाहेर आलो, तेव्हा ध्यानात आलं, की हे तुला अजून कळवलेलंच नाही. म्हणून हे पत्र.

लोभ करताय तसाच करत राहा, दोघंही.
बाबा