सेबूला मी गेले, बाबा

बाबा, तुम्ही जिथे मला जाऊ दिलं नाही, ते गाव मी पाहून आले. नात तिथे डॉक्टरकी शिकते. फिलिपाईन्सला, सेबूला. तिच्या तोंडून हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भाजी चिरत होते, आणि हात तिथेच थांबला. चाळीस वर्षांत आपल्या घराबाहेर कुणाच्या तोंडी हे नाव मी ऐकलं नव्हतं.

माग मला तुम्हीच शिकवला. दादा मागावर टिकत नव्हता, म्हणून मी. शाळेतून आले की मोहाडीच्या त्या अंधाऱ्या खोलीत तुमच्या शेजारी बसायचं. धागा तुटला की तुम्ही आडवा धागा नेणाऱ्या धोट्यानेच बोटांवर टोला द्यायचात. कोशाच्या रेशमी साडीला करवती किनार विणायची तर तीन धोटे सांभाळावे लागतात, एक अंगाचा आणि दोन काठांचे, आणि करवतीचा दात जरा सरकला तर सगळा काठ वाकडा. विसाव्या वर्षी माझा दात सरकत नव्हता. तुमचा सरकायचा. तुम्हालाही ते दिसत होतं, बोलला मात्र कधीच नाहीत.

मग भंडाऱ्याहून हातमाग खात्याचे साहेब आले. जांभळ्या काठाची साडी त्यांनी दारातल्या उजेडात धरली, उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "ही कुणी विणली? सेबूला प्रदर्शन आहे. तिथे बसून विणून दाखवणारा कारागीर हवाय." मी आत चहा गाळतेय. आणि तुमचा आवाज येतो, "पोरानं, साहेब. पोराचं काम हाय हे सारं." साहेब म्हणाले, जरा विणून दाखवू दे. तेव्हा तुम्ही आत आलात, माझ्याकडे न बघता म्हणालात, "एक चिंधी फाडून दे." मी दिली. तुम्ही ती दादाच्या धडधाकट बोटाला गुंडाळली आणि त्याला बाहेर नेलं. "बोट कापलं जी त्याचं, नायतर आत्ताच दाखवलं असतं."

साहेब गेल्यावर मी एवढंच म्हटलं, "बाबा, मी जाईन ना."

"तू कायले? पोरीच्या जातीले समुद्रापार धाडून समाजात तोंड कसं दाखवू? तू तं उद्या दुसऱ्याच्या घरी जाशील. नाव पोराचंच राहाले पायजे."

आई चुलीपुढे होती. ती हळूच म्हणाली, "चूप राय माय. तुले तं मालूम हाय ना, कोणं विनलं." जणू तेवढं माहीत असणं पुरे होतं.

दादा जाऊन आला. साधं कापड त्याला येत होतं, तेच तिथे विणलं असावं. आल्यावर महिनाभर तुम्ही ओसरीत माणसं बसवत होतात. फोटो हातोहात फिरायचे. दादा सांगायचा: देवळाच्या कळसाएवढा उंच क्रूस, सोन्यानं मढवलेलं चर्च, समुद्राला लागून तीन कोनांचा दगडी किल्ला. "अन् बोटी तं घरायएवढ्या!" लोक आ वासून ऐकायचे आणि मी पोह्यांच्या बशा फिरवायची. एकदा शेजारच्या काकूंनी विचारलं, "काहून जी, तुमची पोरगी बी विनते ना?" तुम्ही हसलात. "विनते थोडंसं. भावाले हातभार लावते." तो 'हातभार' मी गिळला नाही, बाबा. तोंडात धरून ठेवला.

पुढल्या वर्षी साहेब पुन्हा आले, जीपमधून बाहेरचे पाहुणे घेऊन. करवत विणताना दादाला पाहायचं होतं त्यांना. तुम्ही आदल्या दिवशी माझ्याकडून अर्धी साडी मागावर तयार करून घेतलीत. दादानं नुसते चार हात मारायचे, बस. दादा बसला. पहिल्या हाताला एक धोटा निसटला, दुसऱ्याला काठाचे धागे गुंतले, तिसऱ्याला करवतीचा दात फाटल्यासारखा उघडला. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. साहेबांचा चेहरा उतरला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही डोळ्यांनी मला विनवलंत. मी पुढे झाले असते तर दोन मिनिटांत सगळं सावरलं असतं. मी चहाचा ट्रे खाली ठेवला, पदर नीट केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बोट दुखत असंल त्याचं, बाबा. चिंधी देऊ का?"

साहेब पुन्हा कधी आले नाहीत. तुम्ही मला मारलं नाहीत. दोन महिन्यांत तुमसरच्या राइस मिलमधल्या माणसाशी माझं लग्न लावून दिलंत, जिथे माग नव्हता आणि कोंड्याच्या धुळीत कोसा टिकलाही नसता. ही शिक्षा होती, हे मला कळलं. पण माझा माग थांबला, तसा तुमचाही थांबला. करवत नीट विणणारं घरात कुणी उरलंच नव्हतं.

लकवा झाल्यावर तुम्ही मला बोलावलंत. अर्ध्या तोंडानं म्हणालात, "तुह्या हातचं एक धोतर... बसतं का मागावर?" आई कोपऱ्यात रडत होती. मी म्हणाले, "दादाले सांगा ना. तो तं विदेशात विनून आला." तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. शेवटी बाजारातलं कापड नेसूनच गेलात. लोक म्हणाले, पोरीचं काळीज दगडाचं. असेल. तुमचं पाहूनच घडवलं होतं ते.

सेबूला मी ठरवून गेले होते. एकेक जागा पाहायची आणि प्रत्येक ठिकाणी तुम्हाला सुनावायचं. क्रूस पाहिला. चार पायऱ्या चढून गोल छपराखाली उभा आहे, कळसाएवढा तर नाहीच, आपल्या पारावरच्या दीपमाळेइतकाही नसेल. मोठ्यानं म्हणाले, "पाहा बाबा, पोरगा बी खोटं बोलला." नात दचकली. बाहेर बायका रंगीत मेणबत्त्या विकत होत्या, पैसे दिले की देणाऱ्यासाठी नाचत प्रार्थना करायच्या. नात म्हणाली, "आजी, कोणासाठी लावायची?" मी म्हटलं, "कोणासाठी नाही." चर्चमध्येही सुनावलं, हात न जोडता, पाय दुखेपर्यंत उभी राहून.

मग किल्ला. तीन कोनांचाच आहे, तेवढं दादा खरं बोलला. आत बाग आहे, कुणा नवरानवरीचे फोटो काढणं चाललं होतं, नवरीचा झगा वाऱ्यानं सारखा तिच्याच तोंडावर यायचा. आम्ही दोघी भिंतीवर बसून आंबा खाल्ला. बंदरातून बोटींचे भोंगे येत होते. नातीनं तिच्या कॉलेजच्या सरांची नक्कल केली आणि मी इतकी हसले की रस साडीवर सांडला. संध्याकाळी खोलीवर साडी धुताना ध्यानात आलं: किल्ल्यावर तुम्हाला काहीच सुनावलं नाही. तुम्ही आठवलाच नाहीत.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. पण एक कबूल करते. तेव्हापासून तुमच्यावर रागवायचं तर मला स्वतःला आठवण करून द्यावी लागते, पूर्वी कधी लागली नव्हती. म्हणून हे लिहून ठेवलं.