मामांनी न दाखवलेले कागद

३ एप्रिल १९३३
मामांनी ठरवलं. खाडीकडचं घर कमळला. बाबांनी मृत्युपत्रात लिहिलं होतं, दोघी मुलींपैकी जिला देणं विश्वस्ताला योग्य वाटेल तिला. विश्वस्त मामा. आणि योग्य कोण, तर धाकटी! मी थोरली, भाड्याच्या दोन खोल्यांत चुलीच्या धुराने डोळे चोळतेय. कमळचे यजमान मुंबईस, ती मामांकडेच असते, गरम गरम वाढते. म्हणून योग्य.

६ एप्रिल
मामांकडे गेले. म्हटलं, ट्रस्टचे कागद दाखवा.
"कागद वकिलांकडे आहेत गो. तुला त्यातलं काय कळणार?"
कमळ मागे कैऱ्या चिरत होती. तिला म्हणे सगळे वाचून दाखवले. तिला कळतं! लुगडंही नवं. जळफळाट झाला माझा, वहीत तरी कशाला लपवू.

११ एप्रिल
मामांचे वकील म्हणाले, मी विश्वस्तांचा वकील, त्यांच्या परवानगीशिवाय कागद बांधलेला रुमाल सोडता येत नाही. ह्यांनी मग दुसऱ्या वकिलांना गाठलं. त्यांचं मत: ट्रस्टच्या कामासाठी, बाबांच्या बागेच्या पैशातून मामांनी जो सल्ला घेतला तो दोघी बहिणींचाही, तो बघायला मागा. भांडण लागल्यावर स्वतःच्या बचावासाठी घेतलेला मात्र त्यांचा एकट्याचा. आणि घर कमळलाच का, हे कारण सांगायला ते बांधलेले नाहीत.
म्हणजे सगळं बघायला मिळणार, हवं तेवढं सोडून.

२२ एप्रिल
नोटीस गेली तसे मामा नमले. आज त्यांच्या वकिलांच्या ओटीवर रुमाल सुटला. कुंपणाचा खर्च, पावत्या, आणि वकिलांचा सल्ला: दोघींपैकी कोणासही देता येईल, मात्र दोघींचा विचार झालेला असावा.
मी माझ्याबद्दल काही सापडतं का बघत होते. माझ्याविरुद्ध एक ओळ नाही. असती तर बरं वाटलं असतं.
उठताना मामांना विचारलं, मग ठरवलंत कशावरून?
"देवाला कौल लावला. घर कमळला द्यावं काय, म्हणून. मूर्तीवरची उजवी पाकळी आधी पडली. देवानं होकार दिलान्."
"आणि माझ्याबद्दल काय विचारलंत?"
मामा चष्मा पुसत राहिले. "तुझं विचारायचं राहिलंच गो."
राहिलंच! मी काय बाजारातून आणायचं मीठ?

२३ एप्रिल
ह्यांचं म्हणणं, दोघींचा विचार झाला नाही, दावा लावू. पण कौल कुठल्या कागदावर आहे? मामा कोर्टात नाही म्हणाले की संपलं.
दुपारी कमळ आली. "ताई, तूही कौल लाव. देव तुझ्या बाजूनं बोलला तर मी घर सोडते."
एवढं मोठं मन दाखवायची गरज होती का? तेही हिनंच दाखवायचं. मला का सुचलं नाही? चहा दिला, साखर कमी घातली.

२७ एप्रिल
देवळात गेलो. मामा आणि कमळ खांबाशी. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या लावल्या. "बाय, हो-नाय म्हणता येईल असा विचारा देवाला."
वाटभर घोकत गेले होते, घर मला मिळावं काय, घर मला मिळावं काय. कमळने हात जोडले, डोळे मिटले. कसला तो शांत चेहरा! माझ्या तोंडून निघालं, "देवा, घर कमळला मिळू नये ना?"
मामांनी एकदम वर पाहिलं. तेव्हा कळलं, मीही माझं नाव घेतलं नाही.
"हाच ना, बाय?" गुरवाने परत विचारलं. बदलता आलं असतं. मी मान डोलावली.
पुष्कळ वेळ बसलो. दोन्ही पाकळ्या चिकटूनच. गुरवाने उद्या सकाळी बोलावलंय. कमळ म्हणाली, एकत्रच जाऊ, मी हाक मारते तुला.